हॉफमन, हिरवी पानं आणि आपला कलप

बारावीची केमिस्ट्री ज्यांनी रट्टा मारून का होईना काढली आहे, त्या सगळ्यांना हॉफमन हे नाव माहीत आहे. अमाइड घ्या, ब्रोमीन घ्या, कॉस्टिक टाका, एक कार्बन कमी झालेलं अमाइन मिळवा. झालं हॉफमन ब्रोमामाइड डिग्रेडेशन! बोर्डाच्या पेपरात हमखास येणारी रिॲक्शन, दोन मार्क नक्की. पण हा हॉफमन कोण, कुठला, त्याने आणखी काय केलं, हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पुस्तकातली ही माणसं बाणावर लिहिलेल्या नावापुरतीच असतात.

मी या माणसाच्या मागे लागलो ते वेगळ्याच कारणाने. मी येरमाळ्याचा. धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूर-धुळे हायवेवरचं, येडेश्वरीचं येरमाळा. माझ्या चुलत्यांचं, म्हणजे नानांचं, तिथे दोन खुर्च्यांचं सलून आहे. गेल्या वर्षी सुट्टीत दुकानात बसलो असताना कलपाच्या पुडीवर बारीक अक्षरात छापलेलं एक लांबलचक नाव वाचलं: पॅराफिनिलीनडायअमाइन. आपण केमिकलवाले, नाव ओळखीचं वाटलं. हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत त्याचा माग काढत गेलो तो थेट हॉफमनच्या दारात पोचलो. पुडीचं पुढे सांगतोच. आधी माणूस.

ऑगस्ट विल्हेल्म हॉफमनचा जन्म ८ एप्रिल १८१८ रोजी जर्मनीतल्या गीसेन या गावी झाला. वडील आर्किटेक्ट. घरची परिस्थिती बरी, वडिलांबरोबर इटली-फ्रान्स फिरून झालेलं, भाषा चांगल्या येत होत्या. म्हणून विद्यापीठात गेला तेव्हा त्याने घेतलं काय, तर कायदा आणि भाषा! त्याच विद्यापीठात तेव्हा युस्टुस लीबिग शिकवत होता. लीबिग म्हणजे तोच, ज्याच्या नावाचा कंडेन्सर आपण दर प्रॅक्टिकलला फुटेल की काय या भीतीने धरतो. लीबिगची लॅब वाढवायची ठरली आणि ते बांधकाम हॉफमनच्या वडिलांकडे आलं. मुलगा हळूहळू तिकडे ओढला गेला आणि केमिस्ट्रीचाच झाला. आपल्याकडे पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून घेतात तसंच समजा, फक्त याने कायद्यावरून थेट डांबरावर उडी मारली. १८४१ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली.

डांबरावर हे मी विनोदाने म्हणत नाही. त्या काळी युरोपातल्या शहरांत रस्त्यावरचे दिवे कोळशाच्या गॅसवर चालत. बंद भट्टीत कोळसा तापवून गॅस काढायचा, आणि मागे काळं, चिकट, घाण वासाचं डांबर उरायचं. त्याचं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. लीबिगने या पोराला ते डांबर तपासायला दिलं. त्यातून हॉफमनने एक तेलकट पदार्थ काढला आणि १८४३ मध्ये सिद्ध केलं की चार वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी चार ठिकाणी, चार नावांनी शोधलेला पदार्थ हा एकच आहे. तो म्हणजे ॲनिलीन. हे नाव मुळात आपल्याकडचं आहे बरं का. नीळ आटवून हा पदार्थ मिळाला होता, नीळीला पोर्तुगीज भाषेत अनिल म्हणतात, तो शब्द अरबीमार्गे गेलेला, आणि त्याचं मूळ संस्कृत नील. ॲनिलीनवर हॉफमनने पुढचं सगळं आयुष्य काढलं असं म्हटलं तरी चालेल.

१८४५ मध्ये लंडनला रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री निघालं. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट हा जर्मन, त्याने त्यात पुष्कळ लक्ष घातलं होतं. असं सांगतात, की राजाराणी बॉन शहरात आलेले असताना अल्बर्टला आपली विद्यार्थीदशेतली खोली पाहावीशी वाटली, आणि जाऊन पाहतात तर तिथे हॉफमन प्रयोग मांडून बसलेला. (आपल्या खोलीत दहा वर्षांनी कोणी प्रिन्स आला तर त्याला काय दिसेल याचा विचार करू नये.) सत्तावीस वर्षांचा हा मुलगा त्या कॉलेजचा पहिला संचालक झाला. बॉनची नोकरी जाऊ नये म्हणून आधी दोन वर्षांची रजा टाकून गेला होता. राहिला वीस वर्षं. ते कॉलेज आज इम्पीरियल कॉलेजचा भाग आहे.

त्याच्या हातात म्हणे फारशी सफाई नव्हती, उपकरणं हाताळायला त्याला मदतनीस लागायचे. पण शिकवणं असं, की पोरं रात्री-अपरात्री लॅब सोडत नसत. त्यातले दोघं सांगण्यासारखे आहेत.

एक चार्ल्स मॅन्सफिल्ड. डांबरातून शुद्ध बेंझिन वेगळं काढायची रीत त्याने बसवली. बेंझिन नाही तर ॲनिलीन नाही, आणि ॲनिलीन नाही तर पुढचा रंगांचा सगळा धंदाच नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तो बेंझिनचे नमुने तयार करत होता. भट्टीवरचं भांडं उतू जाऊन पेटलं. इमारत वाचावी म्हणून त्याने ते जळतं भांडं तसंच उचलून रस्त्यावर नेलं. नऊ दिवसांनी हॉस्पिटलमध्ये तो वारला. बरोबरचा मदतनीसही गेला. आपल्या सेफ्टीच्या लेक्चरला ही गोष्ट कधी ऐकली नाही, म्हणून इथे लिहिली.

दुसरा विल्यम पर्किन, हा सगळ्यांना माहीत आहे. पंधराव्या वर्षी हॉफमनकडे आला. हिंदुस्थानात इंग्रज सैन्य मलेरियाने बेजार होतं, क्विनाइन महाग होतं, आणि ते लॅबमध्ये करता येईल असं हॉफमनच्या डोक्यात होतं. पर्किनने १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत घरीच खटपट केली. क्विनाइन झालं नाही, काळा गाळ झाला. तो अल्कोहोलने धुताना जांभळा रंग निघाला. हाच तो मॉव्ह. अठरा वर्षांच्या पर्किनने कॉलेज सोडून कारखाना काढायचं ठरवलं तेव्हा हॉफमनला ते अजिबात आवडलं नव्हतं. हुशार पोरगा संशोधन सोडून धंद्यात चालला, हे दुःख आपल्या सरांनाही कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशी होतच असेल!

मग मात्र रंगांचा पूरच आला. मॉव्हमागोमाग मॅजेंटा आला, आणि मॅजेंटा कारखान्यात स्वस्तात करायची रीत १८६० मध्ये पेटंट केली ती हॉफमनच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, हेन्री मेडलॉकने. त्या रीतीत ॲनिलीनचं ऑक्सिडेशन करायला आर्सेनिक ॲसिड वापरत. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. रंग सुंदर आणि गाळ विषारी. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या एका कारखान्याच्या आसपासच्या विहिरी त्याने नासल्या आणि माणसं आजारी पडली.

पण सोमलाचा खरा सुळसुळाट होता तो हिरव्या रंगात, आणि हा रंग ॲनिलीनच्याही आधीचा. तांबं आणि सोमल यांच्या संयुगाचा असा चमकदार हिरवा रंग, की गॅसच्या उजेडातही काळपट दिसत नसे. भिंतीचे कागद, मेणबत्त्या, खेळणी, मिठाई, बायकांचे झगे, सगळीकडे तो. लंडनमध्ये तेव्हा डोक्यावर कृत्रिम पानाफुलांचे मुकुट घालायची फॅशन होती. ती पानं करणाऱ्या कारखान्यात मुली कामाला असत. मेणात बुडवलेल्या पानावर हिरवी पूड भुरभुरायची, दिवसभर, नाकातोंडात गेली तर गेली. माटिल्डा शॉयरर ही अशीच एक, वय एकोणीस. नोव्हेंबर १८६१ मध्ये ती वारली. शेवटी तिला हिरव्या उलट्या होत होत्या, डोळ्यांतला पांढरा भाग हिरवा झाला होता.

स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या लंडनच्या एका मंडळातल्या बायकांनी हे प्रकरण सोडलं नाही. त्यांनी अशा मुकुटातली पानं मिळवली आणि तपासायला हॉफमनकडे दिली. त्याने ती तपासून १८६२ च्या फेब्रुवारीत टाइम्समध्ये निष्कर्ष छापला. मृत्यूचं नृत्य अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. त्याचा हिशोब असा होता: एका मुकुटातल्या पानांत वीस माणसं मारायला पुरेल इतका सोमल आहे. शिवाय हिरव्या रंगाच्या झग्यातून नाचताना किती पूड झडते, याचेही आकडे त्याने दिले.

मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. हानिकारक, अपायकारक, जपून वापरा, असले शब्द सगळेच वापरतात आणि कोणी ऐकत नाही. त्याने ग्रेनमधला आकडा माणसांत बदलून सांगितला. वीस माणसं! बॉलरूममध्ये तुमच्या समोर नाचणाऱ्या बाईच्या डोक्यावर वीस माणसांचं मरण बांधलेलं आहे, हे कोणालाही कळतं. सरकारने काही लगेच कायदा केला नाही, पण हिरव्या झग्याकडे लोक संशयाने बघायला लागले. रंगांच्या धंद्याची केमिस्ट्री ज्या लॅबमध्ये जन्मली, तिथूनच रंगाच्या विषाविरुद्ध अशी ओरड झाली, ही साधी गोष्ट नाही.

आणि आता पुडीवरचं नाव. कलपाच्या विषबाधेवरचा कुठलाही वैद्यकीय लेख उघडा, सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की पॅराफिनिलीनडायअमाइन पहिल्यांदा नोंदवलं ते हॉफमनने, १८६३ मध्ये. म्हणजे टाइम्समधल्या त्या लेखाच्या दुसऱ्याच वर्षी. ॲनिलीनच्या रिंगला समोरच्या टोकाला आणखी एक अमिनो ग्रुप लावला की झाला हा पदार्थ. थोडक्यात त्याला पीपीडी म्हणतात. हॉफमनला त्याचं केसांशी काही देणंघेणं नव्हतं. तो ॲनिलीनची सगळी भावकी एकेक करून वहीत मांडत होता, त्यातला हा एक. केस आणि फर रंगवण्यासाठी त्याचं पेटंट फ्रान्समध्ये १८८३ मध्ये निघालं. त्याआधी लोक कलपाला शिशाचे नाहीतर चांदीचे क्षार वापरत. १९०९ मध्ये पॅरिसच्या एका तरुण केमिस्टने केसांच्या रंगांची कंपनी काढली, तिच्या नावातच निरुपद्रवी हा शब्द घातला होता. ग्राहकाच्या मनात भीती होती म्हणूनच हा शब्द घालावा लागला असणार, असं मला वाटतं. तीच पुढे लॉरेआल झाली.

पीपीडी केसांवर काम कसं करतं, ते आपल्या अभ्यासाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखं आहे. मुळात तो रंगच नाही. रेणू एवढासा, जवळजवळ रंगहीन. बाटलीतल्या कलपात अमोनियाने केसाची खवलं उघडतात, हा छोटा रेणू आत शिरतो, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडेशन होतं. अर्धवट ऑक्सिडेशन झालेले रेणू एकमेकांना किंवा रिसॉर्सिनॉलसारख्या जोडीदाराला चिकटून मोठे होतात, काळे होतात आणि केसाच्या आत अडकून बसतात. म्हणून हा रंग धुऊन जात नाही. पण जो रेणू केसात इतक्या सहज शिरतो तो कातडीतही शिरतो. आणि तो अर्धवट अवस्थेतला रेणू केसातल्या जोडीदाराला चिकटतो तसा आपल्या शरीरातल्या प्रोटीनलाही चिकटतो. सगळी भानगड तिथे आहे. (हाच पीपीडी वापरून बुलेटप्रूफ जॅकेटचं केव्हलार करतात. रसायन एकच, ते कुठे जातं यावर सगळं.)

आता येरमाळ्याला येऊ. नानांच्या दुकानात पूर्वी कलप लावायला येणारे म्हणजे पन्नाशीच्या पुढचे, तेही सणावाराला किंवा लग्नकार्याला. आता मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी पंचविशीतली पोरंही येतात. प्लास्टिकच्या वाटीत पुडी फोडायची, पाणी टाकून कालवायची, ब्रशने लावायची, अर्धा तास पेपर वाचत बसायचं. नानांच्या उजव्या हाताची बोटं कित्येक वर्षं फुटलेली, काळपट, खाजणारी. ते कधी बोअरच्या पाण्याला दोष द्यायचे, कधी साबणाला. पीपीडीची ॲलर्जी सलूनवाल्यांना सगळ्यात जास्त होते, हे जगभर माहीत आहे. पण आमच्या घरात ते पुडीवरच छापलेलं असून कोणी वाचलं नव्हतं. सूचना वाचायला भिंगच लागतं म्हणा.

चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईत जाते, लाखो माणसं चुनखडी वेचायला रानात उतरतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा यावं. यात्रेत पाळणे, बांगड्या, पेढे यांच्याबरोबर हातावर झटपट काळी नक्षी काढून देणारेही बसतात. अर्ध्या तासात कुळकुळीत काळी मेंदी! खरी मेंदी कधीच अशी काळी होत नाही. तिचा रंग नारिंगी-तांबडा, आणि तो चढायला रात्र लागते. झटपट काळी म्हणजे तिच्यात बहुतेक वेळा कलपाचीच पूड. माझ्या चुलत बहिणीच्या हातावर चौथ्या दिवशी ती नक्षी जशीच्या तशी फोडांनी उठली. वेलबुट्टी, मोर, सगळं. फोड महिनाभराने गेले, पण एकदा शरीराने हा रेणू ओळखून ठेवला की तो आयुष्यभर विसरत नाही. तिला म्हातारपणी कलप लावायचा झाला तरी तिचं शरीर यात्रेतला हिशोब काढणार.

हे झालं कातडीचं. पोटात गेल्यावर काय होतं, ते आमच्या आळीत पाहिलं. तीन वर्षांचं पोर. आजोबांनी कलप लावून उरलेली वाटी ओट्यावर ठेवली होती, याने ती तोंडाला लावली. किती प्यायलं कोणालाच कळलं नाही, तोंड धुऊन दिलं, पोर खेळायला लागलं. चार-पाच तासांनी गाल, ओठ, मान सुजायला लागली. जीभ इतकी सुजली की तोंडात मावेना. पहिल्यांदा जिथे नेलं तिथे काहीतरी चावलं असेल म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. वाटीचं सांगायचं कोणाला सुचलंच नाही. रात्री श्वास घरघरायला लागला, तेव्हा आधी बार्शी आणि तिथून सोलापूर. घशाला छेद देऊन नळी घालावी लागली. दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी. काही दिवस डायलिसिस चाललं. पोर वाचलं. आता शाळेत जातं, गळ्यावर छोटा वण आहे.

हे असं का होतं? तीच केमिस्ट्री. शरीरात ऑक्सिडेशन होऊन तयार झालेले रेणू आधी चेहरा आणि गळा सुजवतात, मग स्नायूंवर जातात. स्नायू अक्षरशः फुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन रक्तात येतं. लघवी काळी होते ती त्याने. किडनीच्या बारीक नळ्या त्याने तुंबतात. काही जणांच्या हृदयाच्या स्नायूलाही मार बसतो. याच्यावर ठरावीक उतारा नाही. श्वासाची वाट मोकळी ठेवणं, भरपूर सलाइन, लागलं तर डायलिसिस, एवढंच हातात असतं. म्हणून पहिले काही तास सगळ्यात महत्त्वाचे. उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. पेशंट बरा दिसतोय म्हणून थांबू नये. पुडी किंवा बाटली बरोबर घ्यावी, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात कलप पोटात गेलाय हे सांगावं. ते पोर घरी परत पाठवलं गेलं, कारण हे एक वाक्य राहिलं होतं.

आणि हे काही आमच्या आळीपुरतं नाही. सुदानमध्ये बायका मेंदी लवकर रंगावी म्हणून तिच्यात पीपीडी मिसळत, तिथल्या डॉक्टरांनी गळा सुजून आलेल्या पेशंटबद्दल १९८० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. पाकिस्तानात मुलतानकडे काळा पत्थर नावाने तो सुटा मिळायचा आणि माणसं दगावायची. आपल्याकडे आंध्र, तमिळनाडूमधून असे अनेक वृत्तांत आहेत. झाशीला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या डॉक्टरांनी एकट्या बुंदेलखंडातल्या हजारावर पेशंटचा अभ्यास २०११ मध्ये छापला. हे सगळे अपघात नव्हते. रागाच्या भरात, घरातल्या भांडणानंतर, हाताला लागलं ते घेणारेच त्यात जास्त असतात, आणि तरुण जास्त असतात. हॉस्टेलच्या मासिकात हे लिहावं की नाही असं वाटून गेलं, पण आपण सगळे तरुणच आहोत. कोणाच्या मनात असं काही येत असेल, किंवा रूममेट गप्प गप्प असेल, तर त्याला एकटं सोडू नका. रेक्टर सरांना उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. टेलिमानस म्हणून सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. अमेरिकेत १९३३ मध्ये पापण्या रंगवायच्या एका पीपीडीवाल्या रंगाने काही बायका आंधळ्या झाल्या, एक मेली. १९३८ चा तिथला कडक कायदा यायला ते प्रकरणही कारण झालं. पण गंमत बघा, त्या कायद्यातही डांबरापासून केलेल्या केसांच्या रंगाला सवलत मिळाली: बंदी नाही, फक्त सूचना छापा. युरोपने केसावर लागताना पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त नको अशी मर्यादा घातली आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिसं आणि सोमल यांना बंदी आहे. म्हणजे हॉफमनने हिरव्या पानांत पकडलेला चोर कायद्याने बाहेर काढला. पीपीडी मात्र आत आहे. त्याच्या पुडीवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सूचना छापावी लागते: कातडीला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. चाचणी म्हणजे थोडासा कलप कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबायचं. गॅदरिंगच्या आदल्या रात्री पुडी आणून सकाळी स्टेजवर जाणाऱ्या आपल्या पब्लिकला ४८ तास कुठले! पण निदान आधी कधी काळ्या मेंदीने फोड आलेत का, एवढं तरी आठवून बघा.

नाना आता हातमोजे घालतात. बोटं पुष्कळ सुधारली. उरलेला कलप लगेच नळाखाली ओततात, वाटी तिथल्या तिथे धुतात. चाचणीचं मात्र गिऱ्हाईक ऐकत नाही. परवा ये म्हटलं की समोरच्या दुकानात जातं, हे त्यांचं म्हणणं आहे आणि ते खरंही आहे.

हॉफमनचं पुढचं आयुष्य जर्मनीत गेलं. पण लंडन सोडायच्या आधी, एप्रिल १८६५ मध्ये, रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने एक व्याख्यान दिलं, ते आपल्या रोजच्या उपयोगाचं आहे. रेणू कसा दिसतो ते लोकांना दाखवायला त्याने क्रोके या खेळाचे लाकडी चेंडू रंगवून काड्यांनी जोडले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. आजही आपल्या मॉडेल किटमध्ये तेच रंग आहेत. मिथेन, इथेन, प्रोपेन अशी शेपट्या लावून नावं द्यायची पद्धतही त्याच सुमारास त्याने मांडली. मग तो बर्लिनला प्रोफेसर झाला, १८६७ मध्ये जर्मन केमिकल सोसायटी काढली आणि तिचा पहिला अध्यक्ष झाला. फॉर्माल्डिहाइड ओळखण्याचं कामही त्याच काळातलं. ब्रोमामाइडची आपली रिॲक्शन बरीच उशिराची, १८८१ ची, म्हणजे साठी ओलांडल्यावरची.

घरी मात्र फार सोसलं. चार लग्नं झाली, पहिल्या तिन्ही बायका त्याच्या डोळ्यादेखत वारल्या. अकरा मुलांपैकी आठच त्याच्या मागे राहिली. चौथी बायको बर्था ही त्याचा विद्यार्थी टीमान याची बहीण. हा टीमान म्हणजे रायमर-टीमान रिॲक्शनमधला! बारावीच्या पुस्तकातली मंडळी अशी एकमेकांची मेहुणे-पाहुणे निघतात. सत्तराव्या वाढदिवसाला, १८८८ मध्ये, त्याला सरदारकी मिळाली आणि नावात फॉन लागलं. ५ मे १८९२ रोजी बर्लिनमध्ये तो अचानक वारला. चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि शेवटपर्यंत शिकवत होता.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८९४ मध्ये, बांद्रोव्स्की नावाच्या पोलिश केमिस्टने पीपीडीचं ऑक्सिडेशन करून मिळणारा एक गडद पदार्थ वर्णन केला. तीन रेणू एकमेकांत अडकून झालेला. कलपाच्या विषबाधेच्या लेखांत हॉफमनच्या खालोखाल हेच नाव भेटतं. हा पदार्थ पाहायला हॉफमन नव्हता. असता तर त्याने त्याचंही माणसांत गणित मांडलं असतं का, हा विचार माझ्या मनात बरेच दिवस होता.

लॅबमधलं किट आणून मी पीपीडी जोडून पाहिला. सहा काळे, दोन निळे, आठ पांढरे चेंडू. तळहातावर मावतो. आठवडाभर खोलीच्या खिडकीत होता, मग किट परत मागायला आले म्हणून सुटा करून दिला.